प्लास्टिकमधलं मुखत्यारपत्र

माझा थोरला भाऊ पाणीपुरवठ्याच्या कचेरीत चौतीस वर्षं होता. त्यातली वीस वर्षं हेडक्लार्कच्या खुर्चीकडे बघण्यात गेली. त्याच्यानंतर लागलेली तीन माणसं त्या खुर्चीत बसून निवृत्तसुद्धा झाली आणि हा होता तिथेच राहिला. कचेरीनं जे दिलं नाही ते त्यानं मग घरात स्वतःच घेतलं. आम्ही त्याला तोंडावर दादा म्हणतो आणि पाठीमागे हेडक्लार्क. हे नाव मीच ठेवलं. त्याला ते ठाऊक आहे, आणि माझा असा संशय आहे की त्याला ते आवडतं. यावरून माणसाची कल्पना यावी.

निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी विचारलं, भेट काय देऊ? माणसं घड्याळ मागतात, प्रवासाची बॅग मागतात. यानं लॅमिनेशनचं मशीन मागितलं. ते घरी आलं त्या दिवसापासून कुठलाच कागद सुखानं जगला नाही. विजेची बिलं प्लास्टिकात गेली, शाळेचे दाखले गेले, गॅसच्या शेगडीचं वॉरंटी कार्ड गेलं, आणि शेगडी तर कधीच भंगारात गेली होती. आईअप्पांच्या लग्नाचा एकुलता एक फोटो गेला. त्यात हवेचा एक बुडबुडा राहिला, तो नेमका आईच्या नाकावर. वहिनी तिचे महत्त्वाचे कागद शिवणाच्या डब्यात चिंध्यांखाली लपवून ठेवू लागली.

अप्पांच्या गोळ्यांचा तक्ताही त्यानं असाच पक्का करून टाकला. पुढच्या खेपेला डॉक्टर एक गोळी बदलायला गेले. प्लास्टिकवर पेन दोनदा घासलं, शाई सरकली. त्यांनी एकदा तक्त्याकडे बघितलं, एकदा दादाकडे बघितलं, आणि दुसऱ्या कागदावर लिहून दिलं. दादानं तो कागद त्याच संध्याकाळी लॅमिनेट केला. ही गोष्ट मी निदान पन्नास जणांना रंगवून सांगितली असेल. दर वेळी लोक पोट धरून हसले.

आता घरचं सांगते. अप्पा चौऱ्याऐंशी वर्षांचे. आयुष्यभर कवळ्या बनवल्या. दातांच्या डॉक्टरांकडून मापं यायची, कधी माणूसच माप द्यायला यायचा, आणि अप्पा खिडकीजवळच्या टेबलावर मान खाली घालून दुसऱ्यांचे दात घासत बसायचे. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. चाळीस वर्षांपूर्वीचे नंबर तिला अजून पाठ आहेत. दोघं तिसऱ्या मजल्यावर राहतात. दादा-वहिनी जवळच राहतात, दादा रोज येऊन जातो. इमारतीला लिफ्ट नाही, पायऱ्या चौपन्न. अप्पांचे पाय धड होते आणि डोकं सुटत चाललं होतं. आईचं डोकं लखलखीत आणि गुडघे संपलेले. दोघं मिळून एक माणूस पूर्ण होत होता.

आई दीड वर्षं खाली उतरली नव्हती. शेवटची उतरली ती डोळ्यांच्या तपासणीला, आणि परत वर यायला तिला पाऊण तास लागला. दर मजल्यावर शेजाऱ्यांनी खुर्ची आणून दिली. त्यानंतर ती म्हणाली, आता मला खाली न्यायचं ते चौघांनी. तिला काही फार नको होतं. कोपऱ्यावरच्या दुकानात स्वतः जाऊन स्वतःच्या नाकानं वास घेऊन साबण घ्यायचा होता. फाटकापाशी उभं राहून दोन माणसांशी बोलायचं होतं. ती गॅलरीतून बोलायची, पण तीन मजल्यांवरून काय बोलणार? खालच्या माणसाची मान दुखते आणि तो निघून जातो.

मी गुडघ्यांचीच नोकरी करते. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात दिवसाला दहा-बारा लोकांचे गुडघे वाकवते. राहते शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून दीड तास. आईला व्यायाम फोनवरून सांगायचे. ती "हो" म्हणायची. करत नसणार, हे मला आवाजावरून कळायचं.

अशात देव पावल्यासारखी एक गोष्ट घडली. तळमजल्यावर गाणं शिकवणाऱ्या एक बाई राहत. आम्ही त्यांना गाणंबाई म्हणायचो. त्यांना त्यांचा मुलगा परगावी आपल्याकडे नेणार होता, आणि त्यांच्या भाच्याला याच इमारतीत राहायचं होतं. भाचा तिशीतला, पायऱ्या दोन-दोन उड्यांत चढणारा. गाणंबाई स्वतः वर आल्या, तीनदा दम घेत, आणि आईला म्हणाल्या, "तुम्ही माझ्या घरात या, माझा भाचा तुमच्या घरात जाईल. सरळ अदलाबदल. भिंतीही सारख्याच आहेत, फक्त पायऱ्या तेवढ्या वाचतील."

आई ते ऐकताच उठली आणि कपाट आवरायला लागली. त्याच दिवशी. आम्ही हसलो तिला.

घर अप्पांच्या नावावर. अदलाबदलीचे कागद व्हायला दोन-अडीच महिने लागणार होते आणि सही अप्पांचीच हवी होती. डॉक्टर स्पष्ट बोलले, "जे करायचं ते आत्ता करा. आज ते समजून सही करतील. दोन महिन्यांनी करतील का, मी सांगू शकत नाही." म्हणजे मुखत्यारपत्र करायला हवं होतं, अप्पांच्या वतीनं सही करायचा कायदेशीर अधिकार घरातल्या कुणाला तरी द्यायला हवा होता. आणि तो अप्पांना कळतंय तोवरच द्यायला हवा होता.

कागद म्हटल्यावर दादाच्या अंगात काय संचारलं, विचारू नका. त्यानं घरी रीतसर सभा बोलावली. सभेला आम्ही चौघंच, त्यातले अप्पा झोपलेले. तरी त्यानं विषयपत्रिका काढली होती. पहिला विषय, मागील सभेचं इतिवृत्त मंजूर करणे.

"मागची सभा कधी झाली?" मी विचारलं.

"झाली नाही," तो म्हणाला. "म्हणून इतिवृत्त निरंक."

वकीलबाईंचं ऑफिस टायरच्या दुकानावर होतं. जिन्यापासूनच रबराचा वास. बाई तरुण, टेबलावर पसारा, पण डोळे चपळ. त्यांनी आधी विचारलं, "अधिकार कोणाच्या नावे द्यायचा? दोघांची नावं घालू का? म्हणजे एकाला जमलं नाही तर दुसरा."

मी म्हटलं, "कशाला? दादाला हौस आहे."

वकीलबाईंनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे."

दादानं पिशवीतून स्वतः हातानं लिहिलेला मसुदा काढला. एक्केचाळीस कलमं. कलम सतरामध्ये गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालण्याचे, न घालण्याचे आणि त्यासाठी त्रयस्थ व्यक्ती नेमण्याचे अधिकार होते. कलम तेवीस अप्पांच्या कानातल्या यंत्राच्या बॅटऱ्यांबद्दल होतं. वकीलबाईंनी पाचव्या पानापर्यंत वाचलं आणि चष्मा काढला.

"काका, हे मुखत्यारपत्र आहे की राज्यघटना?"

"पुढे कोणी बोट दाखवायला नको," दादा म्हणाला.

"बोट कोण दाखवणार?"

दादानं माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

बाईंनी सगळं छाटून दीड पानाचा साधा कागद केला. त्यात घराचं होतं, बँकेचं होतं, दवाखान्याचं होतं. एवढंच लागतं, म्हणाल्या. पण नाकापेक्षा मोती जड करायची ज्याला सवय, तो दीड पानावर कसा समाधान मानेल? दादा दुसऱ्या आठवड्यात दुरुस्त्या घेऊन गेला, तिसऱ्या आठवड्यात परिशिष्ट घेऊन गेला. "घर" हा शब्द काढून "सदर सदनिका" करून घेतला. पुढच्या खेपेला "सदर" दोनदा आलाय म्हणून एक काढून घेतला. पाच आठवडे असे गेले. खाली गाणंबाई खोकी भरत होत्या आणि वर आई भांडी कमी करत होती. मला दर आठवड्याला फोनवर अहवाल मिळायचा आणि मी तो दवाखान्यात डबा खाताना मैत्रिणींना नक्कल करून दाखवायचे. मी फार चांगली नक्कल करते.

शेवटी एका मंगळवारी सकाळी आम्ही अप्पांना नोंदणी कार्यालयात नेलं. अप्पा चौपन्न पायऱ्या कठडा न धरता उतरले. कार्यालय म्हणजे एक लांब खोली, भिंतीला टेकवलेली बाकं, काचेमागे खिडक्या, आणि कोपऱ्यात पाण्याचं पिंप, ज्याच्या नळाला दोरीनं पेला बांधला होता. दादा तिथे असा वावरत होता, जणू सासुरवाडीला आलेला जावई.

नोंदणी अधिकारी वयस्क होता, शांत. त्यानं आम्हाला दोघांना बाजूला बसवलं आणि अप्पांना विचारलं, "आजोबा, तुम्ही आज इथे कशाला आलात?"

"सही करायला."

"कसली सही?"

"माझ्या घराचे कागद पुढे होतील तेव्हा मी शुद्धीत असेन की नाही, याची डॉक्टरांना खात्री नाही. म्हणून मुलाला अधिकार देतोय."

"कोणता मुलगा?"

अप्पांनी दादाकडे बोट केलं. "तो. त्याच्या हातात दिलेला कागद हरवत नाही. बाकी त्याला फारसं काही जमत नाही, पण कागद हरवत नाही."

मी खाली बघून हसू दाबलं. अधिकारीही हसला, आणि तो हसला तसे अप्पा टेबलावरून पुढे वाकले. "साहेब, तुमची वरची कवळी सैल झालीय. चावताना डावीकडून उचलते ना?"

अधिकाऱ्यानं गालाला हात लावला. "उचलते खरी."

"घासून घ्या. नवी करू नका, लोक फसवतात."

माणूस शुद्धीवर आहे याचा याहून मोठा पुरावा कुठल्या डॉक्टरकडे मिळाला असता? सही झाली, अंगठा झाला, आणि अधिकाऱ्यानं कागदाच्या कोपऱ्यावर तो दाबाचा शिक्का मारला, ज्याची अक्षरं उठून येतात आणि बोटाला लागतात. कागद दादाच्या हातात देताना तो म्हणाला, "हे मूळ आहे. याची घडी घालू नका, ओलं होऊ देऊ नका, जपून ठेवा."

तुम्हाला पुढचं कळलंच असेल. मला कळलं नव्हतं. शंभरदा हसून झालेली गोष्ट खरोखरची गोष्ट होऊन समोर येईल असं वाटत नाही माणसाला.

ही सही आणि अदलाबदल यांच्या मधल्या सहा आठवड्यांत अप्पांना ताप आला. चार दिवस होता. ताप गेला, पण जाताना अप्पांना बरंच घेऊन गेला. उठले तेव्हा पाय होते तसेच भक्कम होते, पण आईला ते "मावशी" म्हणू लागले आणि सकाळी उठून खिडकीजवळच्या टेबलावर बसून कामाची वाट बघू लागले. आम्ही एकमेकांना धीर दिला. बरं झालं, कागद वेळेत केला. दादा तर दिवसातून दोनदा म्हणायचा, "वेळेत केला." आणि मीही, खोटं कशाला बोलू, त्या आठवड्यात त्याला मनातल्या मनात एक गुण दिला होता.

अदलाबदलीच्या दिवशी गाणंबाई आणि त्यांचा भाचा नोंदणी कार्यालयात आमच्या आधी येऊन बसले होते. गाणंबाईंचं सामान गेलं होतं, त्या दोन दिवस शेजारणीकडे झोपल्या होत्या. परवाच्या गाडीनं त्या जाणार होत्या. आमचा नंबर आला. दादानं पिशवीतून फाइल काढली, फाइलमधून पाकीट, पाकिटातून दुसरं पाकीट, आणि त्यातून मुखत्यारपत्र. ते असं चकचकत होतं की खिडकीतला उजेड त्यावरून माझ्या डोळ्यात आला.

काचेमागच्या कारकून बाईंनी ते हातात घेतलं. कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"हे काय केलंत?"

"जपून ठेवलंय," दादा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर शाबासकी घ्यायची तयारी होती.

"अहो, शिक्का सपाट झालाय. मशीनमध्ये घातलंत ना? उठाव हाताला लागायला हवा. आणि हे वापरलं की मागच्या पानावर आम्हाला नोंद करून सही-शिक्का करायचा असतो. प्लास्टिकवर कुठे करू?"

"वरून कागद चिकटवून..."

"काका, हा घराचा व्यवहार आहे, वहीचं कव्हर नाही."

मी पुढे झाले. "तुमच्याकडे याची नक्कल असेल ना?"

"नक्कल आहे. पण ती माहितीला. घर द्यायचं-घ्यायचं तर मूळच लागतं. एवढं काही नाही त्यात, नवीन करून घ्या. अर्ध्या तासाचं काम. वडिलांना घेऊन या फक्त."

दादाचा रंग उडाला. त्यानं तो कागद परत घेतला आणि तिथेच बाकावर बसून नखानं प्लास्टिक सोडवायला लागला. कडा निघाली. मग त्यानं जोर केला आणि छापलेली अक्षरं प्लास्टिकबरोबर उचलून आली. अर्ध्या ओळी कागदावर राहिल्या, अर्ध्या त्याच्या हातातल्या झिल्लीवर. अप्पांची सही झिल्लीवर गेली. तेवढ्यात गाणंबाईंच्या भाच्यानं त्याला हात धरून थांबवलं. परका पोरगा, पण त्याला बघवलं नाही. मला बघवत होतं. मी बघत होते आणि मनात म्हणत होते, अति तेथे माती, अति तेथे माती, आणि ती माती आईच्या तोंडात.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांना नेलं. सकाळी ते त्यातल्या त्यात बरे असत. रस्ताभर दादा त्यांना पढवत होता, "अप्पा, साहेब विचारतील हा कोण, तर म्हणायचं माझा मुलगा. काय म्हणायचं?" अप्पा म्हणायचे, "मुलगा." तो पुन्हा विचारायचा, ते पुन्हा म्हणायचे. पोपटासारखं जमत होतं.

अधिकारी तोच होता. त्यानं अप्पांना ओळखलं, खुर्ची पुढे केली. आम्हाला बाजूला बसायला सांगितलं नाही, हे त्याचं भलेपण.

"आजोबा, आज कशाला आलात?"

अप्पा त्याच्या टेबलावरचा शिक्का बघत राहिले.

"हे कोण, ओळखता का?"

अप्पांनी दादाकडे नीट बघितलं. मग खुर्ची सरकवून उठले, त्याच्यासमोर उभे राहिले, आणि त्याची हनुवटी बोटात धरली. "तोंड उघडा," ते म्हणाले. "मोठं. घाबरू नका, दुखणार नाही."

खोलीत बाकांवर वीसेक माणसं होती. मला वाटलं दादा आता ओरडेल, किंवा पुन्हा पढवायला लागेल. त्यानं तोंड उघडलं. अप्पांनी त्याचा गाल बोटानं बाजूला केला, वरची हिरडी बघितली, खालची बघितली, सावकाश, पूर्वी बघत तशी. दादा मान वर करून, आ वासून, हात मांडीवर ठेवून बसला होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत होतं आणि त्यानं ते पुसलं नाही, कारण पुसायला मान हलवावी लागली असती.

"माप घेतो," अप्पा म्हणाले. "आठवड्यानं या."

अधिकाऱ्यानं पेनाला टोपण लावलं. "माफ करा," तो म्हणाला. "मला हे करता येणार नाही."

गाणंबाई ठरल्या गाडीनं गेल्या. महिनाभर त्यांच्या मुलानं वाट बघितली आणि मग तळमजला दुसऱ्यांना दिला. भाच्यानं पलीकडच्या गल्लीत घर घेतलं.

त्या रविवारी मी गेले ती भांडायलाच गेले. बसमध्ये वाक्यं जुळवत होते. दादा आईच्या खोलीत तिला औषध देत होता. मी चपलाही नीट काढल्या नाहीत. चौतीस वर्षं, म्हटलं, खुर्ची का मिळाली नाही ते कळलं आता सगळ्यांना. एक्केचाळीस कलमं लिहिणाऱ्याला एक कागद सांभाळता येत नाही. तुझ्या त्या खेळण्यापायी आई वर कोंडली गेली, आता मरेपर्यंत तिनं साबणाचा वास तू आणून देशील तसा घ्यायचा. खूप बोलले. इतकी वर्षं नकला करून साठवलेलं सगळं बाहेर आलं. दादा चमचा हातात धरून उभा राहिला.

"झालं तुझं?" आई म्हणाली.

"झालं."

"त्यानं कागद खराब केला. तू हातात तरी घेतलास का?"

मी चपला नीट काढायला वाकले.

"वकीलबाईंनी मला फोन केला होता तेव्हाच. म्हणाल्या, मुलीला विचारलं, ती नको म्हणाली. दोन नावं असती तर त्यांनी दोन मूळ कागद केले असते, एकेकाकडे एक. मी टेलिफोनवर आयुष्य काढलंय, मला माणसाचा 'नको' कळतो." तिनं दादाच्या हातातला चमचा घेतला आणि औषध प्यायली. "आता जे काय करायचं ते तू कर. तुझ्या नावावर कर."

आता करायचं म्हणजे कोर्ट. अप्पांना स्वतः अधिकार देता येत नाही, तेव्हा कोर्टानंच अप्पांचा पालक नेमायचा. बैल गेला आणि झोपा केला, तशातला प्रकार. पण वकीलबाई म्हणाल्या, पालक नेमला गेला की निदान घर बदलता येईल, खाली पुन्हा कधीतरी एखादं घर निघेल. डॉक्टरांचा दाखला, अर्ज, मग चौकशी, मग तारीख. अर्ज सोळा पानांचा.

तो आम्ही आईच्या घरी भरायला बसलो. मी टेबलाच्या एका बाजूला, दादा दुसऱ्या. त्यानं दोन्ही हात टेबलाखाली ठेवले होते. कागदाला हात लावायचा नाही असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. गॅलरीत आई खुर्चीवर बसून खाली बघत होती. तळमजल्यावर नवीन माणसं सामान उतरवत होती, आणि माशांची मोठी काचेची टाकी दारातून आत जात नव्हती म्हणून त्यांचा गोंधळ चालला होता.

मी भराभर लिहीत होते. बाराव्या प्रश्नाला थांबले. गेल्या बारा महिन्यांत अर्जदाराने सदर व्यक्तीसोबत एकूण किती दिवस घालवले? मनात जुळवलं. महिन्यातून दोनदा धरले तर चोवीस. मधे दोन-चार फेऱ्या जास्त झाल्याच असतील. पंचवीस म्हणायला हरकत नव्हती.

"चौदा," दादा म्हणाला.

"चौदा कसे?"

"मी गोळ्यांच्या वहीत रोज लिहितो कोण आलं, कोण गेलं. डॉक्टर विचारतात ना, अप्पा कोणाला ओळखतात, कोणाला नाही." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. मी टोमण्याची वाट बघत होते. तो आला असता तर मला बरं वाटलं असतं. "मधे तीन महिने तू आलीच नव्हतीस. तुझ्या दवाखान्यात गर्दी होती."

"आणि तुझे किती?"

"माझे त्यात विचारलेले नाहीत."

खाली टाकी आडवी करा, उभी करा, असा आरडाओरडा चालला होता. दादा जरा पुढे वाकला आणि आईला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, "तीस लिही. कोर्ट काही वही मागायला येत नाही. चौदा बघितले तर म्हणतील, हिला कशाला नेमायचं? आणि माझं नाव घातलं तर मूळ कागदाचं काय झालं ते विचारतील. तू तीस लिही."

चौतीस वर्षांत या माणसानं कोणाच्या मीटरचा एक आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. एकदा शेजाऱ्यानं गळतीचा दंड मागं घ्या म्हणून मिठाईचा डबा आणून दिला, तर यानं डबा परत करून त्याची पावती घेतली होती. तीही गोष्ट मी रंगवून सांगायचे.

मी तीस लिहिले. खाली सही केली.

कोर्टाची तारीख पुढच्या वर्षीची लागली आहे. आई अजून तिसऱ्या मजल्यावरच आहे. अर्ज भरल्यापासून मी किती वेळा गेले, ते दादाच्या वहीत असेल. मी विचारलेलं नाही.